कोल्हापूर परिसरातील रोव्ह बीटल कसे ओळखावेत: कुलापासून जातीपर्यंत

पावसाळ्याच्या तोंडावर गगनबावड्यापासून शिरोळपर्यंत कुठेही बांधावरचा दगड उलटला, उकिरड्याचा वरचा थर बाजूला सारला किंवा नदीकाठच्या ओल्या गाळावर पाणी ओतले, की लांबट, चपळ आणि पाठीचा निम्म्याहून अधिक भाग उघडा असलेले बारीक कीटक धावू लागतात. पाहणाऱ्यांपैकी कुणाला त्या मुंग्या वाटतात, कुणाला वाळवी, आणि त्यांनी पोटाचे टोक वर उचलले की पुष्कळांना विंचवाची आठवण होते. प्रत्यक्षात ते रोव्ह बीटल नावाचे भुंगेरे आहेत. त्यांच्या कुलाचे शास्त्रीय नाव स्टॅफिलिनिडी असून जगभरात या कुलातील ६०,००० हून अधिक जातींची नोंद झालेली आहे, म्हणजे प्राणिसृष्टीतील सर्वांत मोठ्या कुलांपैकी हे एक आहे. काही जाती एक मिलिमीटरपेक्षाही लहान असतात, मोजक्या जाती ४ सेंटिमीटरच्या आसपास पोहोचतात, आणि आपल्या हाती लागणारे बहुतेक भुंगेरे २ ते ८ मिलिमीटरचे असतात.

कोल्हापूर जिल्ह्यात राहून या भुंगेऱ्यांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला, शेतकऱ्याला किंवा हौशी निरीक्षकाला उपयोगी पडेल अशी ओळखण्याची रीत येथे मांडली आहे. माझा आग्रह एका गोष्टीचा आहे: हातातला नमुना जितका पुरावा देतो, तितक्याच पातळीपर्यंत त्याला नाव द्यावे. उपकुल बहुतेक वेळा चांगल्या भिंगाखाली ठरते, प्रजातीसाठी, म्हणजे जवळच्या जातींच्या गटासाठी (जीनस), सूक्ष्मदर्शक लागतो आणि जातीसाठी (स्पीशीज) बहुधा नराचे जननांग बाहेर काढून पाहावे लागते. केवळ रंगावरून किंवा एका छायाचित्रावरून जातीचे नाव देण्याची घाई या कुलात हमखास चुकीकडे नेते, आणि असे चुकीचे नाव एकदा यादीत शिरले की ते काढून टाकणे फार कठीण होते.

आधी कुलाची खात्री

सर्व भुंगेऱ्यांत पंखांची पुढची जोडी कठीण होऊन कवच बनलेली असते. रोव्ह बीटलमध्ये हे कवचपंख आखूड असतात, मागच्या बाजूला सरळ कापल्यासारखे संपतात आणि त्यांच्यामागे पोटाचे पाच-सहा खंड उघडे राहतात. उडण्याचे मागचे पंख या आखूड कवचांखाली अनेक घड्या घालून बसवलेले असतात. डाव्या आणि उजव्या पंखाच्या घड्या एकसारख्या नसतात, आणि उतरल्यावर पंख आत सारण्यासाठी भुंगेरा पोटाचे टोक वर वळवून त्याचा उपयोग करतो. पोट इतके लवचिक असण्याचे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

सर्वाधिक गोंधळ इअरविग या वेगळ्या गटातील कीटकाशी होतो. इअरविगचे पंखही आखूड असतात, परंतु त्याच्या शेपटीला कठीण चिमटा असतो आणि रोव्ह बीटलला तसा चिमटा कधीही नसतो. टोकाशी दोन बारीक, केसाळ उपांगे दिसली तर त्यांना चिमटा समजू नये. दुसरा गोंधळ अशा भुंगेऱ्यांशी होतो ज्यांच्या पोटाचा एक किंवा दोनच खंड उघडा असतो. कुजक्या फळांवरचे नितिड्युलिडी आणि शेणातले गोलसर, चकचकीत हिस्टेरिडी त्यांत येतात. त्यांच्या शृंगिकांच्या, म्हणजे डोक्यावरच्या मिशांसारख्या स्पर्शांगांच्या, टोकाला ठळक गाठ असते, शरीर रुंद आणि आखूड असते आणि पोट वर वळवता येत नाही.

अपवादही ध्यानात ठेवावेत. पूर्वी स्वतंत्र कुल मानला गेलेला पिसेलाफिनी हा गट १९९५ पासून आणि स्किडमेनिनी हा गट २००९ पासून याच कुलात धरला जातो. यांपैकी स्किडमेनिनींचे कवचपंख संपूर्ण पोट झाकतात आणि त्यांचा आकार मुंगीसारखा असतो. अळंबीवर सापडणारे, होडीच्या आकाराचे स्कॅफिडिनीही असेच लांब कवचांचे असतात. त्यामुळे आखूड पंख ही या कुलाची सर्वांत सोयीची खूण असली, तरी प्रत्येक सदस्याला ती लागू पडत नाही.

कुठे आणि केव्हा शोधावे

या भुंगेऱ्यांना ओल लागते. वळवाच्या पहिल्या सरींपासून ऑक्टोबरपर्यंतचा काळ सर्वांत फलदायी असतो. त्यानंतर हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात रंकाळा, कळंबा यांसारख्या तलावांच्या मागे सरकत जाणाऱ्या काठांवर, पाटाच्या पाण्याने भिजलेल्या उसाच्या सरींत आणि सावलीतल्या ओढ्यांजवळ शोध घ्यावा.

नदीकाठापासून आरंभ करणे मला सर्वांत योग्य वाटते. प्रयाग चिखलीला कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांच्या संगमातून पंचगंगा पुढे वाहते. तेथून राजाराम बंधाऱ्याकडे आणि पुढे शिरोळकडे जाताना वाळू, गाळ, दगडगोटे आणि गवताळ काठ असे वेगवेगळे अधिवास मिळतात. पाण्यापासून हातभर अंतरावरच्या ओल्या गाळावर तांब्याने सावकाश पाणी ओतावे किंवा पायाने गाळ दाबावा. बिळांत आणि भेगांत दडलेले भुंगेरे मिनिटभरात वर येतात, त्यांना ओल्या कुंचल्याने किंवा तोंडाने ओढायच्या नळीने उचलावे. या नळीत बारीक जाळी बसवलेली असणे अत्यावश्यक आहे. मात्र पेडेरस या त्वचेवर फोड आणणाऱ्या भुंगेऱ्याची शक्यता असेल तेथे ही नळी वापरूच नये, त्याचे कारण पुढे येईल. वाळू-गाळाच्या सपाट काठावर बारीक मातीचे छोटे ढिगारे दिसले, तर खाली ब्लेडियस प्रजातीची बिळे असण्याची शक्यता असते. या प्रजातीतील काही जातींच्या नरांना प्रोनोटमवर, म्हणजे डोक्यामागच्या ढालीवर, पुढे रोखलेले शिंग असते.

पुराने आणलेला काडीकचरा हा दुसरा समृद्ध साठा आहे. पाणी ओसरल्यावर झुडपांना आणि बंधाऱ्यांच्या कडांना अडकलेला पालापाचोळा चाळणीतून पांढऱ्या कापडावर चाळला, तर नदीच्या वरच्या भागातील अनेक जाती एकाच जागी सापडतात. पण त्या कुठल्या गावातून वाहत आल्या हे कळत नाही. म्हणून अशा नमुन्याच्या लेबलवर "पुराचा काडीकचरा" असे स्पष्ट लिहावे, नाहीतर डोंगरातली जाती शिरोळची म्हणून नोंदवली जाईल. पाणी पूर्ण ओसरल्याशिवाय आणि काठ घट्ट झाल्याशिवाय तेथे उतरू नये.

गोठा, शेणखत आणि उकिरडा यांचा लाभ कोल्हापूरच्या निरीक्षकाला सहज मिळतो. म्हशीचे दोन-तीन दिवसांचे शेण बादलीभर पाण्यात ढवळले की भुंगेरे तरंगत वर येतात. त्यांत फिलोन्थस आणि ॲलिओकॅरा या प्रजाती माशांची अंडी आणि अळ्या खाण्यासाठी आलेल्या असतात. ॲलिओकॅराची वाढ विशेष लक्षात घेण्याजोगी आहे: अंड्यातून निघालेली तिची इवलीशी अळी माशीचा कोष शोधते, त्यात छिद्र पाडून शिरते आणि आतील कोषावस्थेवर वाढते. गोठ्यातील माश्या आटोक्यात ठेवणाऱ्या नैसर्गिक शत्रूंमध्ये या भुंगेऱ्यांना मानाचे स्थान दिले पाहिजे असे मला मनापासून वाटते.

उसाच्या शेतात पाचट न जाळता आच्छादन म्हणून ठेवले असेल, तर त्याखालचा ओला थर चाळून पाहावा. सहा ते आठ मिलिमीटर छिद्रांची चाळण पुरते. चाळलेला बारीक भाग जाळी बसवलेल्या नरसाळ्यात ठेवून वर ४० वॅटचा साधा दिवा लावावा आणि खाली अल्कोहोलची बाटली ठेवावी. थर वरून हळूहळू सुकत जातो, तसतसे भुंगेरे खाली सरकत बाटलीत पडतात. या साधनाला बर्लीझ नरसाळे म्हणतात. तीन-चार दिवस लागले तरी दिवा अधिक प्रखर करू नये, कारण थर झपाट्याने तापल्यास लहान जाती वाटेतच मरतात. जंगलातील पालापाचोळ्यासाठीही हीच रीत वापरावी. पिसेलाफिनींसारखे दीड-दोन मिलिमीटरचे भुंगेरे अशा नरसाळ्यातून मिळतात तितके नुसत्या डोळ्यांनी शोधून मिळत नाहीत.

जमिनीत काठोकाठ पुरलेला प्लास्टिकचा पेला हा सापळा सर्वांना परिचित आहे. त्यात साबणाचे पाणी किंवा प्रोपिलिन ग्लायकॉल टाकावे आणि वर छोटे छप्पर ठेवावे. गगनबावडा किंवा दाजीपूरसारख्या अतिपावसाच्या भागात छप्पर नसेल, तर एका रात्रीत पेला भरून वाहतो. प्रकाशाकडे येणाऱ्या जातींसाठी अंगणात पांढरा पडदा आणि दिवा लावणे पुरेसे असते.

राधानगरी अभयारण्यात आणि इतर संरक्षित वनक्षेत्रांत वनविभागाची लेखी परवानगी घेतल्याशिवाय एकही कीटक गोळा करू नये. कीटक लहान आहे म्हणून नियम सैल होत नाही.

टिकवणे, चिकटवणे आणि लेबल

पुढे विच्छेदन करायचे असलेले नमुने इथिल ॲसिटेटच्या वाफेत मारावेत, कारण त्यामुळे सांधे मऊ राहतात. इतर नमुन्यांसाठी ७० ते ८० टक्के अल्कोहोल चालते. डीएनए तपासणीसाठी काही नमुने ९५ टक्क्यांहून तीव्र अल्कोहोलमध्ये थंड जागी ठेवावेत. अशा अल्कोहोलमध्ये शरीर ताठ आणि ठिसूळ होते, म्हणून सर्वच नमुने त्यात टाकू नयेत.

लहान भुंगेऱ्याला टाचणी टोचता येत नाही. त्याला जाड कागदाच्या छोट्या आयताकृती तुकड्यावर पाण्यात विरघळणाऱ्या गोंदाच्या लहानशा थेंबाने चिकटवावे आणि टाचणी कागदाला टोचावी. पोट सरळ ताणून ठेवावे, शृंगिका आणि पाय बाहेर काढून ठेवावेत. सुकताना पोटाचे खंड एकमेकांत शिरतात, त्यामुळे एकाच जातीच्या दोन नमुन्यांची एकूण लांबी वेगळी भरते. म्हणून एकूण लांबीबरोबरच डोक्याच्या पुढच्या कडेपासून कवचपंखांच्या मागच्या कडेपर्यंतची लांबी नेहमी मोजावी. तुलनेसाठी तेच माप विश्वासार्ह असते.

लेबलशिवाय नमुन्याला शास्त्रीय किंमत नाही. जिल्हा, तालुका, गाव, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख, गोळा करण्याची पद्धत, नेमका अधिवास आणि गोळा करणाऱ्याचे नाव एवढे तपशील त्यावर असावेत. "कोल्हापूर" एवढेच लिहिलेले लेबल अपुरे आहे, कारण साधारण ५५० मीटर उंचीवरच्या शहराजवळील उसाचे शेत आणि सह्याद्रीच्या माथ्यावरचे सदाहरित जंगल दोन्ही याच जिल्ह्यात येतात. "म्हशीचे शेण, दोन दिवसांचे" किंवा "आंब्याखालचा कुजका पाला" यांसारखी नोंद पुढे प्रजाती ठरवताना प्रत्यक्ष उपयोगी पडते. बाटलीतल्या लेबलसाठी पेन्सिल वापरावी, बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.

उपकुल ठरवण्याचा क्रम

येथे सर्वाधिक वेळ द्यावा. उपकुल चुकले तर पुढच्या सर्व पायऱ्या वाया जातात. १० पट भिंगाने मोठे नमुने कळतात, लहानांसाठी ४० ते ८० पट मोठे दाखवणारा स्टिरिओ सूक्ष्मदर्शक हवा. तो घरी असण्याची गरज नाही, प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत तो असतो आणि रीतसर विनंती केल्यास वापरायला मिळू शकतो.

पहिला प्रश्न डोळ्यांचा. डोळे फुगीर असून डोक्याची जवळजवळ संपूर्ण बाजू व्यापत असतील, डोके प्रोनोटमपेक्षा स्पष्टपणे रुंद असेल आणि शरीरावर दाट, खोल ठिपके असतील, तर तो स्टेनिनी उपकुलातील स्टेनस असण्याची शक्यता फार मोठी आहे. या एकट्या प्रजातीत ३,००० हून अधिक जाती आहेत. तिचा खालचा ओठ लांब दांडीसारखा झटकन पुढे फेकला जातो आणि टोकावरच्या चिकट गाद्यांना भक्ष्य चिकटते. पाण्यात पडल्यास पोटाच्या टोकाकडील ग्रंथींचा स्राव सोडून ती पृष्ठभागावरून वेगाने सरकत जाते. काठावर हे दृश्य दिसले, तर सूक्ष्मदर्शकाआधीच प्रजातीचा अंदाज येतो.

दुसरा प्रश्न शृंगिकांच्या मुळांचा, आणि सगळ्या क्रमात तो सर्वांत निर्णायक आहे. डोक्याकडे वरून पाहावे. शृंगिकांची मुळे डोळ्यांच्या पुढच्या भागांमध्ये, डोक्याच्या पाठीवर उघडी दिसत असतील आणि डोळे स्टेनसइतके प्रचंड नसतील, तर उपकुल ॲलिओकॅरिनी. मुळे डोक्याच्या अगदी पुढच्या कडेवर, जबड्यांच्या लगत असतील, तर स्टॅफिलिनिनी. मुळे वरून दिसतच नसतील आणि कपाळाच्या बाजूच्या कडेखाली झाकलेली असतील, तर पेडेरिनी, ऑक्सिटेलिनी, ओसोरिनी, ओमॅलिनी किंवा टॅकिपोरिनी यांपैकी एखादे उपकुल असू शकते आणि पुढे जावे लागते.

तिसरा प्रश्न पोटाच्या खालच्या बाजूचा. नमुना उलटा करून पोटावरच्या कठीण पट्ट्या मोजाव्यात. ऑक्सिटेलिनींमध्ये सात पट्ट्या दिसतात, इतर बहुतेक उपकुलांत सहा. या उपकुलातील शेणात सापडणाऱ्या ॲनोटायलस आणि ऑक्सिटेलस यांच्या प्रोनोटमवर बहुधा उभ्या खोबणी असतात आणि पायांच्या टोकाशी तीनच पेरे असतात. ही मोजणी अतिशय काळजीने करावी, कारण जननखंडाचे टोक बाहेर आलेले असल्यास नवशिक्याला एक पट्टी जास्त दिसते.

चौथा प्रश्न पोटाच्या कडांचा. बहुतेक उपकुलांत पोटाच्या दोन्ही बाजूंना वरची आणि खालची पट्टी जोडणाऱ्या अरुंद बाजूपट्ट्या असतात. त्या नसतील, प्रत्येक खंड अखंड कड्यासारखा असेल, शरीर दंडगोल असेल आणि नमुना कुजक्या लाकडाच्या सालीखालून आला असेल, तर ओसोरिनी. स्टेनसच्या काही जातींतही बाजूपट्ट्या नसतात, म्हणून डोळ्यांचा प्रश्न आधी विचारला आहे.

पुढचे लवकर आटोपते. डोक्याच्या मागच्या भागावर दोन साधे, मण्यांसारखे डोळे असतील तर ओमॅलिनी. थंड प्रदेशांत हे उपकुल अधिक आढळते. शरीर पुढे रुंद, मागे निमुळते होत गेलेले, गुळगुळीत आणि पोटाच्या टोकाशी ताठ केस असलेले असेल तर टॅकिपोरिनी. मान बारीक, डोके स्पष्ट वेगळे, शृंगिकांची मुळे झाकलेली आणि मॅक्सिलरी पाल्पचे, म्हणजे वरच्या जबड्यामागील चाचपण्याच्या उपांगाचे, शेवटचे पेर अगदी इवलेसे असेल तर पेडेरिनी. शृंगिका गदेसारख्या, कवचपंखांवर आणि प्रोनोटमवर खळगे, पोट ताठ आणि एकूण आकार एक ते तीन मिलिमीटर असेल तर पिसेलाफिनी.

या सर्वांबरोबर पायांच्या टोकाकडील पेरांची संख्याही नोंदवावी. ती पुढचा, मधला आणि मागचा पाय या क्रमाने लिहितात. स्टॅफिलिनिनी आणि पेडेरिनींत ५-५-५, ऑक्सिटेलिनींतील बहुतेक प्रजातींत ३-३-३, आणि ॲलिओकॅरिनींत ४-४-५, ४-५-५ किंवा ५-५-५ असे सूत्र आढळते. ॲलिओकॅरिनींमध्ये याच सूत्रावर मोठे गट उभे असल्याने पुढच्या पायाचे पेर एक कमी-जास्त मोजले गेले, तर नमुना पूर्णपणे वेगळ्या गटात जाऊन पडतो. शंका असल्यास पाय वेगळा काढून ग्लिसरिनच्या थेंबात पाहावा.

पेडेरस: ओळख आणि हाताळणी

कोल्हापूरच्या भातपट्ट्यात आणि दिव्यांखाली दिसणारा हा भुंगेरा प्रत्येकाने ओळखायलाच हवा. साधारण ७ मिलिमीटर लांब, डोके काळे, प्रोनोटम नारिंगी, कवचपंख निळसर धातुछटेचे, पोटाचे पुढचे खंड नारिंगी आणि टोक काळे, असा त्याचा ठळक रंग असतो. तो चावत नाही आणि नांगीही मारत नाही. अंगावर चिरडला गेला की शरीरातील पेडेरिन हे द्रव्य त्वचेला लागते आणि एक-दोन दिवसांनी तेथे लाल, रेषेसारखी जळजळ आणि फोड उठतात. मादीच्या शरीरातील सहजीवी जिवाणू हे द्रव्य तयार करतात. या रेषेसारख्या फोडांना अनेक जण नागीण समजतात, आणि उपचार लांबतो.

म्हणून अंगावर बसलेला पेडेरस हाताने मारू नये, फुंकून किंवा कागदावर घेऊन दूर करावा. चिरडला गेलाच तर ती जागा लगेच साबणाने धुवावी, डोळ्यांना हात लावू नये आणि फोड आल्यास डॉक्टरांना दाखवताना कीटकाचा उल्लेख आवर्जून करावा. गोळा करताना चिमटा वापरावा, तोंडाने ओढायची नळी कदापि नाही. त्याच वेळी हा भुंगेरा भातावरील तपकिरी तुडतुड्यांसारख्या किडी खाणारा उपयुक्त शिकारी आहे हे शेतकऱ्यांना सांगणे मी आवश्यक मानतो. पावसाळ्यात रात्री खिडकीजवळचे अनावश्यक दिवे बंद ठेवले, तरी घरातला उपद्रव बराच कमी होतो, त्यासाठी शेतात विष फवारण्याची गरज नसते.

ओळखीच्या दृष्टीने येथेच सर्वांत मोठा सापळा आहे. असा रंग दिसला की सगळे त्याला पेडेरस फ्युसिपेस म्हणतात. या जातीचे वर्णन १८२६ मध्ये झाले असून ती फार मोठ्या भूभागावर आढळते, हे खरे. परंतु पेडेरस मेलॅम्पस, पेडेरस टॅम्युलस आणि आणखी काही जाती भारतात असून त्यांच्यात काळ्या-नारिंगी-निळ्या रंगांची अशीच वाटणी दिसते. रंगावरून फार तर प्रजातीचा अंदाज येतो. जातीसाठी मांड्यांचा आणि शृंगिकांचा रंग, कवचपंखांची प्रोनोटमशी तुलना केलेली लांबी आणि शेवटी नराचे जननांग पाहावे लागते.

प्रजातीकडून जातीकडे

प्रत्येक उपकुलात पाहण्याच्या गोष्टी वेगळ्या असतात. फिलोन्थसमध्ये प्रोनोटमच्या मध्याच्या दोन्ही बाजूंना ठिपक्यांची एकेक उभी रांग असते आणि प्रत्येक रांगेत किती ठिपके आहेत यावर जातींचे गट पाडलेले आहेत. त्यासाठी प्रोनोटमवरची धूळ आणि गोंद ओल्या कुंचल्याने स्वच्छ करावा, प्रकाश तिरका पाडावा आणि दोन्ही बाजू मोजाव्यात, कारण एखाद्या नमुन्यात एका बाजूला एक ठिपका कमी असतो. स्टेनसमध्ये चौथ्या पेराचे दोन भाग झाले आहेत का, पोटाला बाजूपट्ट्या आहेत का आणि कवचपंखांवर नारिंगी ठिपका आहे का, हे पाहावे. झँथोलिनस आणि त्याच्या जवळच्या प्रजातींत शृंगिकांची मुळे एकमेकांच्या अगदी जवळ असतात आणि एक कवचपंख मध्यरेषेवर दुसऱ्यावर किंचित चढलेला असतो. ॲलिओकॅरिनींमध्ये मुखांगांची काचपट्टी तयार केल्याशिवाय प्रजाती ठरवण्याचा प्रयत्न करू नये. अनुभवी अभ्यासकही तेथे अत्यंत सावधपणे बोलतात.

नर ओळखण्यासाठी पोटाखालची शेवटची पट्टी पाहावी. पुष्कळ जातींत नराच्या त्या पट्टीच्या मागच्या कडेला खाच असते आणि पुढच्या पायांची पेरे रुंदावलेली असतात. विच्छेदनासाठी सुकलेला नमुना गरम पाण्यात मऊ करावा. बारीक चिमट्याने पोटाच्या टोकाचे दोन-तीन खंड अलगद वेगळे करून त्यातून जननांगाची कुपी बाहेर काढावी. ती १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात, स्नायू विरघळेपर्यंत, काही तास ठेवावी. हे द्रावण त्वचा भाजते, म्हणून हातमोजे आणि चष्मा वापरावा. नंतर पाण्याने धुऊन ग्लिसरिनमध्ये ठेवावी आणि खालून, बाजूने व वरून अशा तीन दिशांनी तिची चित्रे काढावीत. मधल्या भागाचे टोक, बाजूच्या पॅरामिअर नावाच्या उपांगांची लांबी आणि त्यांच्यावरील केस यांत जातींमधला फरक असतो. ॲलिओकॅरिनींमध्ये मादीच्या शुक्रकोशाचा आकारही तितकाच महत्त्वाचा ठरतो. काढलेला भाग ग्लिसरिनच्या इवल्या कुपीत घालून ती कुपी त्याच टाचणीला लावावी. वेगळ्या डबीत ठेवलेले जननांग कोणत्या नमुन्याचे होते हे काही वर्षांनी कुणालाही सांगता येत नाही.

सह्याद्रीच्या जंगलातील पालापाचोळ्यातून आलेल्या नमुन्यात कवचपंख प्रोनोटमपेक्षा आखूड असतील, तर मागचे पंख आहेत का हे अवश्य तपासावे. पंख नाहीसे झालेल्या जातींचा वावर बहुधा लहान क्षेत्रापुरता असतो, आणि अशा नमुन्याला दूरच्या प्रदेशातील जातीचे नाव देण्याआधी दहादा विचार करावा.

जुने ग्रंथ आणि आजची नावे

भारतातील जातींसाठी आजही पहिला आधार म्हणजे माल्कम कॅमेरॉन यांनी ब्रिटिश इंडियाच्या प्राणिसृष्टीविषयीच्या ग्रंथमालेत १९३० ते १९३९ या काळात लिहिलेले खंड. त्यांत ओळखण्याच्या सविस्तर चाव्या, म्हणजे एकेक लक्षण तपासत नावापर्यंत नेणाऱ्या प्रश्नमालिका, आहेत आणि त्यांच्या स्कॅन केलेल्या प्रती इंटरनेटवर वाचता येतात. ते वापरताना तीन मर्यादा लक्षात ठेवाव्यात. पिसेलाफिनींसारखे तेव्हा स्वतंत्र कुल मानलेले गट त्यांत नाहीत. अनेक प्रजातींच्या सीमा पुढे बदलल्या आहेत: तेथे ऑक्सिटेलसमध्ये असलेल्या कितीतरी जाती आज ॲनोटायलसमध्ये आहेत. आणि जननांगांची चित्रे फारच थोड्या जातींना जोडलेली आहेत, म्हणून चावीतून मिळालेले नाव हा तपासणीचा आरंभ मानावा. नाव आजही वैध आहे का हे पाहण्यासाठी ली हर्मन यांची २००१ मध्ये प्रसिद्ध झालेली सात भागांची सूची उपयोगी आहे, मात्र ॲलिओकॅरिनींसारखी काही मोठी उपकुले तिच्यात समाविष्ट नाहीत.

अंतिम निर्णय ज्या नमुन्यावरून जातीचे पहिले वर्णन झाले, त्या मूळ नमुन्याशी तुलना करूनच होतो. कॅमेरॉन यांचा संग्रह लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आणि भारतीय जातींचेही वर्णन करणाऱ्या माक्स बर्नहाउअर यांचा संग्रह शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये आहे. आपल्याला जवळची संस्था म्हणजे भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पुण्यातील आकुर्डी येथील पश्चिम विभागीय केंद्र. नमुना तज्ज्ञाकडे पाठवण्याआधी पत्राने विचारावे, सोबत पाठीची, बाजूची आणि पोटाची छायाचित्रे मोजपट्टीसह जोडावीत आणि शक्य असेल तेव्हा एकाच ठिकाणचे नर व मादी दोन्ही पाठवावेत. परदेशी तज्ज्ञाकडे नमुने पाठवायचे असल्यास जैविक विविधता अधिनियम, २००२ मधील तरतुदी आधी पूर्ण कराव्यात.

स्वतःच्या संग्रहात मात्र नाव न मिळालेल्या नमुन्यांनाही व्यवस्थित जागा द्यावी. एकसारखे दिसणारे नमुने एकत्र करून "फिलोन्थस जाती क्र. १", "फिलोन्थस जाती क्र. २" असे क्रमांक द्यावेत आणि त्या क्रमांकाखाली ठिपक्यांची संख्या, पेरांचे सूत्र, पुढच्या शरीराची लांबी आणि जननांगाचे चित्र नोंदवावे. ओळख पटल्यावर जुने लेबल काढून टाकू नये. त्याच टाचणीवर खाली नवे लेबल लावावे आणि त्यावर नाव, ओळखणाऱ्याचे नाव, वर्ष आणि ओळख कशावरून केली ते लिहावे: "जननांग पाहिले", "केवळ बाह्य लक्षणे" किंवा "केवळ छायाचित्र".